वजाबाकी

कोरोस सरांनी दोन कागद दिले.
एक तिला, प्रश्नांचा.
एक मला, घडी घालून,
औषधाची पुडी द्यावी तसा मुठीत.
त्यावर नुसते आकडे, आकड्यांपुढे एकेक अक्षर.
म्हणाले, आईनं एवढंच करायचं. जुळवायचं.

मी चौथीतून उठले,
धाकट्याला पाठीशी बांधून हिंडायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून.
पण ए, बी, सी, डी येतं मला.
धुक्यात दोन पानं आणि एक कळी
ज्या डोळ्यांनी ओळखते
त्याच डोळ्यांनी बी आणि डी वेगळे करते.

जेवणं झाली की पातेलं सरकवून
आम्ही बसतो स्टुलाच्या दोन बाजूंना.
सौरदिवा दिवसभर पत्र्यावर असतो,
पण केरिचोत दुपारी गारा झोडपतात.
त्या दिवशी तो आठालाच पिवळा पडतो
आणि चेपन्गेनो घाईघाईनं गोल रंगवते,
रेषेबाहेर.
रेषेबाहेर गेलं की मशीन वाचत नाही म्हणे.
मशीनचं काय, माझ्यासारखंच असणार,
प्रश्न ठाऊक नसेल, नुसतं जुळवत असेल.

पेन्सिल एकच होती. कोयत्यानं मधोमध तोडली,
अर्धी ठेवली साखरेच्या डब्यात, परीक्षेच्या सोमवारासाठी.
मुंग्या सगळी उत्तरं खाऊन जातील, किबेट म्हणाला.
हसलो तिघं. खूप दिवसांनी.

सोळापर्यंत सगळं बरोबर.
सतराव्याला तिचा बी, माझ्या कागदावर डी.
चूक, मी म्हणाले.
नाही, ती म्हणाली. वाच.
वाच म्हणाली मला.
मग जीभ चावली आणि स्वतःच वाचलं:

एका बाईनं सकाळी अठरा किलो चहा खुडला,
दुपारी चौदा. एकूण किती?

तीस, चेपन्गेनो म्हणाली.
अठरा नि चौदा बत्तीस,
आणि गोणीमागे एक किलो कापतात,
गोणीचा आणि पानांवरच्या पाण्याचा.
दोन खेपा, दोन गोण्या.
तूच तर सांगतेस रोज.

मी कागदाकडे बघत राहिले.
कुठल्या मळ्यात जात असेल ती बाई,
जिथं वजनकाट्याशी ओंदिएकी नसतो,
पाऊस पानांवरून आधीच निथळून गेलेला असतो?
गमबूट असतील का तिला, धड, न गळणारे?
तिची पोर रात्री काय करत असेल?

मग ज्यासाठी बसले होते ते केलं.
म्हणाले, पोरी, पेपरात बत्तीस.
पेपरात कुणी काही कापत नाही.
जेवढं खुडलं तेवढं सगळं तिचं.

तिनं रबर घेतलं. बी पुसताना कागद जरा सोलला.
डी रंगवला, गच्च, रेषेच्या आत.
मग खाली मान घालून विचारलं,
म्हणजे खरं काय गं?
दिवा मिणमिणत होता.
म्हटलं, अठरावा वाच.

आज दुसरी गोणी काट्यावर चढली.
काटा थरथरून चौदावर थांबला.
ओंदिएकीनं वहीत लिहिलं तेरा,
वर न बघता, नेहमीसारखं.
मी पुढे सरकले नाही.
मागची म्हणाली, अगं चल, पाऊस येतोय.

चौदा, मी म्हणाले.
मोठ्यानं नाही,
ओठांच्या आतल्या आत,
गोल रंगवावा तसं, हळू,
रेषेबाहेर जाऊ न देता.